डाव्या हातातला मागचा ब्रेक

मातीत, मुरमात मोटरसायकल शिकवण्यासाठी विजेवरच्या चार गाड्यांचा ताफा आजमावून पाहायचा असेल, तर ताकदीचे आकडे बाजूला ठेवून आधी हँडलची डावी बाजू पाहावी. ऑस्ट्रियातल्या केटीएमची ‘फ्रीराइड ई-एक्ससी’ घ्या. (पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 साली याच कंपनीत भांडवल घातले, तेव्हा ती आपल्याला फार परकी नाही.) तिला क्लच नाही, गिअर नाही. क्लचच्या जागी मागचा ब्रेक आहे.

ही अदलाबदल किती विचारपूर्वक केलेली आहे, ते उजव्या वळणावर कळते. तोल सावरायला शिकाऊ स्वार उजवा पाय बाहेर काढतो आणि पेट्रोलच्या गाडीवर त्याच क्षणी मागच्या ब्रेकला मुकतो. पाय पेडलवर असला तरी जाड बुटातून दाब कळत नाही, चाक लॉक होते. इथे तोच ब्रेक दोन बोटांवर येतो. चाक घसरू लागल्याची पहिली थरथर बोटांना लागते आणि दोन्ही पाय मोकळे राहतात. उतार शिकवण्याची याहून समंजस सोय माझ्या पाहण्यात नाही.

चढावर गाडी बंद पडण्याची भीतीही गेली, कारण मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते. तो जोर नवख्याच्या अंगावर येऊ नये म्हणून इकॉनॉमी, एंड्युरो आणि क्रॉस असे तीन मोड आहेत. पण या बाबतीत मला जास्त भावते ती इंग्लंडची ‘ओसेट’. एका बापाने आपल्या लहान मुलासाठी केलेल्या गाडीतून हा ब्रँड 2004 साली उभा राहिला. तिच्या मोठ्या मॉडेलांवर तीन बारीक फिरक्या असतात. एक वेगाची, एक ताकदीची, आणि तिसरी, खरी रसिकतेची, प्रतिसादाची: मूठ पिळल्यावर गाडीने किती झटक्यात उचल घ्यायची, ते ती ठरवते. मूल दचकून मूठ आवळणार, हे गृहीत धरलेले आहे. मनगटाची चुंबकी दोरी सुटली की मोटर बंद. शिकवणाऱ्याचा हात जणू गाडीतच ठेवला आहे.

आता बॅटरी, कारण वर्गाचे वेळापत्रक तीच लिहिते. 2018 च्या फ्रीराइडची बॅटरी 3.9 किलोवॉट-तासांची, पूर्ण भरायला 110 मिनिटे. म्हणजे एका चार्जरला दोन किलोवॉटांहून थोडे जास्त. चार एकदम लावले तर साधारण साडेआठ, आणि गावाबाहेरच्या मैदानावर एवढी जोडणी क्वचितच मिळते. पण बॅटरी काढून बदलता येते, आणि नियोजनाची सगळी गंमत या एका सोयीत आहे. चार गाड्यांना सहा बॅटऱ्या घ्याव्यात, दोन चार्जर आळीपाळीने चालू ठेवावेत, उरलेली तूट जेवणाच्या सुट्टीत भरून काढावी. सहा गाड्या घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि एकही गाडी चार्जरला बांधून राहत नाही.

शिवाय इंजिनाचा आवाज नसल्याने ‘नजर पुढे, कोपर वर’ ही सूचना चूक घडते त्याच क्षणी, गाडी चालू असताना, कानावर पडते.

उणीव एकच: क्लचवर बोट ठेवून गाडी तोलण्याची कला इथे शिकता येत नाही. ज्यांना पुढे पेट्रोलची एंड्युरो चालवायची आहे त्यांच्यासाठी ताफ्यात एक जुनी, हलकी पेट्रोलची गाडी जरूर ठेवा. पण ती शेवटच्या दिवशीच बाहेर काढा.