दहशतवाद, आणीबाणी आणि सेनापती: एका उद्घोषणेचे वाचन

आजचा विषय आपल्याकडे चहाच्या टपरीपासून परिसंवादापर्यंत सगळीकडे ऐकू येणाऱ्या एका वाक्याचा आहे. ते वाक्य असे: ‘दहशतवाद मोडायचा तर काही वर्षं लष्कराच्या हाती द्या, कोर्टबिर्ट बाजूला ठेवा.’ हे वाक्य बोलणारे सगळे हुकूमशाहीचे भक्त असतात असे आम्ही मानत नाही. त्यामागे खरी भीती असते, म्हणून त्याची टिंगल न करता ते तपासायला हवे. त्यासाठी प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेऊ: पाकिस्तान, ३ नोव्हेंबर २००७.

त्या दिवशी जनरल परवेझ मुशर्रफ यांनी आणीबाणी पुकारली. आम्ही ती उद्घोषणा एक युक्तिवाद म्हणून वाचतो. सुरुवात दहशतवादाने होते: आत्मघाती हल्ले, बॉम्बस्फोट, वाढता अतिरेक. हे काही खोटे नव्हते. जुलैमध्ये लाल मशिदीची कारवाई झाली होती, १८ ऑक्टोबरला कराचीत बेनझीर भुट्टो यांच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक माणसे मेली होती. पण पुढे वाचत गेलो की मजकुराचा रोख बदलतो. बहुतेक परिच्छेद न्यायाधीशांविषयीच आहेत: ते कारभारात ढवळाढवळ करतात, सरकारला अडवतात, संशयितांना सोडतात. म्हणजे रोगाचे नाव एक आणि औषध दुसऱ्याच अवयवाला!

आता सही बघा. पाकिस्तानच्या राज्यघटनेत आणीबाणीची तरतूद आहे, कलम २३२. ती राष्ट्राध्यक्षाने वापरायची. मुशर्रफ राष्ट्राध्यक्ष होतेच. तरीही त्यांनी सही केली ती लष्करप्रमुख म्हणून, आणि घटनाच स्थगित केली. का? घटनेतली आणीबाणी सरन्यायाधीशाला घरी पाठवू देत नाही, म्हणून. ६ ऑक्टोबरच्या निवडणुकीला गणवेशातला माणूस उभा राहू शकतो का, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात यायचा होता. उद्घोषणेनंतर सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी नजरकैदेत गेले, साठच्या आसपास न्यायाधीश पदावरून दूर झाले, खासगी वाहिन्या बंद पडल्या, हजारो वकील आणि कार्यकर्ते पकडले गेले. अस्मा जहांगीर यांच्यासारख्या मानवाधिकारवादी वकील घरात कोंडल्या गेल्या. यात दहशतवादी कोण होते, हे आपणच सांगा.

त्या रात्रीच्या भाषणाचा शेवट मुशर्रफ यांनी उर्दू सोडून इंग्रजीत, पाश्चात्त्यांना उद्देशून केला आणि अब्राहम लिंकनचा दाखला दिला. दाखला नीट तपासू. लिंकनने १८६१ मध्ये हेबियस कॉर्पसचा हक्क स्थगित केला, हे खरे. पण बंडाच्या काळात तसे करण्याची मुभा अमेरिकेच्या घटनेतच आहे. वाद होता तो ते अध्यक्षाने करायचे की काँग्रेसने, एवढाच. सरन्यायाधीश टॅनी यांनी लिंकनच्या विरोधात निकाल दिला. लिंकनने तो मानला नाही, आणि ते योग्य होते असे आम्ही म्हणणार नाही. तरी टॅनी १८६४ मध्ये मरेपर्यंत सरन्यायाधीशच राहिले. आणि त्याच वर्षी, युद्ध चालू असताना, लिंकन निवडणुकीला सामोरे गेले. आपण हरणार असे त्यांना वाटत होते तरीही. समोर उभा कोण होता? मॅक्लेलन, त्यांनी दूर केलेला सेनापती. त्या गोष्टीत गणवेशातला माणूस मतपेटीतून हरला. दाखला देणाऱ्याने तो पुरता वाचायला हवा होता.

बरे, हेतू बाजूला ठेवू. परिणाम तरी झाला का? ऑगस्टच्या अखेरीस दक्षिण वझिरिस्तानात बैतुल्ला मेहसूदच्या लोकांनी दोनशेहून अधिक सैनिक पकडले होते. आणीबाणीच्या दुसऱ्याच दिवशी ते सुटले, पण अतिरेक्यांच्या बदल्यात. म्हणजे वकील आत जात होते आणि अतिरेकी बाहेर येत होते. त्याच महिन्यात स्वातमध्ये रेडिओवरून फतवे काढणाऱ्या फजलुल्लाने एकामागून एक गावे ताब्यात घेतली. डिसेंबरात निरनिराळे गट एकत्र येऊन तहरिक-ए-तालिबान पाकिस्तान उभी राहिली. १५ डिसेंबरला आणीबाणी उठली आणि २७ डिसेंबरला रावळपिंडीत, जिथे लष्कराचे मुख्यालय आहे त्याच शहरात, बेनझीर मारल्या गेल्या.

कोणी म्हणेल, सहा आठवड्यांत काय होणार? ठीक. मग १९९९ पासूनची आठ वर्षे धरा. ती तर त्यांच्याच हातात होती. २००४, २००५ आणि २००६ मध्ये वझिरिस्तानात तह झाले, आणि दर तहानंतर अतिरेकी अधिक बळकट झाले. सत्ता कायदेशीर करून घ्यायला २००३ च्या अखेरीस सतरावी घटनादुरुस्ती लागली, ती मजलिस-ए-अमल या धार्मिक पक्षांच्या आघाडीच्या मतांनी पार पडली. मेख इथे आहे. निवडून न आलेल्या राज्यकर्त्याला मान्यता कुठून तरी उसनी आणावी लागते, आणि सावकार ठरवतो व्याज काय ते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण. १९५८ मध्ये डोसो खटल्यात पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने हान्स केल्सनच्या कायद्याच्या शुद्ध सिद्धान्ताचा आधार घेऊन ‘यशस्वी उठाव हाच नव्या कायद्याचा उगम’ असे मान्य केले. केल्सन कायद्याचे वर्णन करत होता, न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र केले. ‘आहे’ वरून ‘असावे’ कडे मारलेली ही उडी पुढे एका देशाला फार महाग पडली. १९७२ मध्ये तो निकाल फिरवला गेला, पण ‘निकडीचा सिद्धान्त’ १९७७ ला आणि २००० ला पुन्हा दाराशी उभा राहिला.

दुसरी बाजूही मांडायला हवी. लोकनियुक्त सरकारे काही शहाणपणाची पुतळी नसतात. एप्रिल २००९ मध्ये पाकिस्तानच्या निवडून आलेल्या सरकारनेही स्वातमध्ये माघार घेऊन शरियतचा कायदा मान्य केला. फरक पुढे आहे. तो निर्णय संसदेत आणि वाहिन्यांवर उघडपणे झाला, त्याचे परिणाम लोकांनी डोळ्यांनी पाहिले, मत फिरले, आणि मे महिन्यात लष्कर स्वातमध्ये उतरले तेव्हा बहुतेक मोठे पक्ष पाठीशी होते. लष्कर तेच होते. त्याच्यामागची संमती नवी होती. चूक कोणीही करतो. ती लवकर दिसण्याची सोय कुठे आहे, हा प्रश्न आहे.

आपल्या मुंबईचे उदाहरण दूरचे नाही. २६ नोव्हेंबर २००८ नंतर कसाबला जागेवरच संपवा, असे म्हणणारे कमी नव्हते. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात अपील झाले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. फाशीविषयी आपले मत काहीही असो. त्या खटल्याने कट कसा शिजला याचा पुरावा जगापुढे मांडला. चकमकीत मेलेला माणूस साक्ष देत नाही. आणि १९७५ च्या आणीबाणीची आठवण असलेल्यांना आम्ही वेगळे सांगायला नको की ती लादायला गणवेशच लागतो असे नाही.

तेव्हा राज्याला संकटात जादा अधिकार लागतात, हे आम्ही नाकारत नाही. रोमन लोकांनी सर्वाधिकारी नेमला तोही सहा महिन्यांसाठी, आणि नेमणारा दुसरा असे. स्वतःच स्वतःला नेमायचे नाही. उद्या कोणी आपल्याला दहशतवादाचे नाव सांगून आणीबाणी मागितली, तर तिच्या पहिल्या दिवशी कोणाला अटक झाली ती यादी वाचा. यादीत वकील, न्यायाधीश आणि पत्रकार असतील, तर लढाई कोणाशी आहे ते कळायला तज्ज्ञ लागत नाही.

आता प्रश्न घेऊ या.