सहसंवेदना, व्यवस्थाबुद्धी आणि स्वमग्नता

केंब्रिज विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांचे ‘द इसेन्शियल डिफरन्स’ हे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा सिद्धान्त थोडक्यात असा : स्त्रीचा मेंदू प्राधान्याने सहसंवेदनेसाठी, तर पुरुषाचा मेंदू व्यवस्था जाणण्यासाठी व रचण्यासाठी घडलेला असतो, आणि स्वमग्नता हे पुरुषी मेंदूचे टोकाचे रूप होय. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये सूचित केलेली कल्पनाच येथे नव्या साधनांनिशी अवतरली आहे.

पुस्तकाचे गुण प्रथम नोंदवले पाहिजेत. लेखन प्रसन्न आहे. हे सारे सरासरीचे विधान असून कोणा एका स्त्रीला वा पुरुषाला ते लावू नये, असा इशारा लेखक वारंवार देतो. वेळापत्रके, आकडे, यंत्रे यांत रमणाऱ्या स्वमग्न व्यक्तीकडे उणीव म्हणून न पाहता सामर्थ्य म्हणून पाहावे, ही त्याची भूमिका मोलाची वाटते. १९९८ चे फील्ड्स पदक मिळवणारे गणितज्ञ रिचर्ड बोर्चर्ड्स यांच्यावरील प्रकरण याच दृष्टीने वाचनीय ठरते.

तथापि इमारतीचा पाया तपासला की शंका उद्भवतात. भेद जन्मजात असल्याचा मुख्य पुरावा म्हणजे २००० साली प्रसिद्ध झालेला १०२ नवजात अर्भकांवरील प्रयोग. मुलगे लोंबत्या यांत्रिक वस्तूकडे, तर मुली चेहऱ्याकडे तुलनेने अधिक वेळ पाहत, असा त्याचा निष्कर्ष. परंतु जवळजवळ निम्म्या मुलींनी कोणताच कल दाखवला नव्हता, हे वाचकाच्या ध्यानात सहसा राहत नाही. शिवाय चेहरा होता प्रयोगकर्त्या संशोधिकेचाच. आणि चेहरा व वस्तू एकामागून एक दाखवल्या होत्या, एकत्र नव्हेत. एलिझाबेथ स्पेल्के यांनी २००५ मध्ये आणि कॉर्डेलिया फाइन यांनी २०१० च्या ग्रंथात या प्रयोगावर घेतलेले आक्षेप आम्हांस निरुत्तर करणारे वाटतात.

दुसरा आधार प्रश्नावल्यांचा. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या उत्तरांवरून सरासरीतील भेद पुन्हा दिसून आला, हे मान्यच केले पाहिजे. पण ही उत्तरे ज्याने त्याने स्वतःविषयी दिलेली. शासकीय सेवेत जन्मभर प्रपत्रे भरून घेतलेल्या आमच्यासारख्यांना ठाऊक असते की, माणूस रकान्यात पुष्कळदा आपण कसे आहोत हे न लिहिता कसे असावे हेच लिहितो. ‘दुसऱ्याचे दुःख मला चटकन कळते’ असे म्हणणे स्त्रीकडून अपेक्षितच असते. उत्तरात स्वभाव किती आणि संस्कार किती, हे प्रश्नावली सांगू शकत नाही.

खरा घोटाळा आम्हांस नावात दिसतो. व्यवस्थाबुद्धी बाळगणाऱ्या स्त्रिया अनेक आहेत, हे लेखकालाही मान्य आहे; मग त्या बुद्धीला ‘पुरुषी’ हे विशेषण कशासाठी? या विशेषणाची किंमत स्वमग्न मुली मोजतात. मुलगे आणि मुली यांचे प्रमाण चारास एक मानले जाई. २०१७ मधील अभ्यास-परामर्शाने ते तिनास एकच्या जवळ असल्याचे आणि अनेक मुलींचे निदानच होत नसल्याचे दाखवले. शांत, आज्ञाधारक, इतरांचे अनुकरण करून निभावून नेणारी मुलगी ‘पुरुषी मेंदू’च्या चौकटीत कोणाला दिसणार?

सहसंवेदनेचाही अर्थ एकच नाही. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे निराळे आणि त्याच्या दुःखाने व्यथित होणे निराळे. हा भेद बॅरन-कोहेन यांनीच २०११ च्या ग्रंथात ठळक केला : स्वमग्न व्यक्तींना पहिले अवघड जाते, दुसरे नव्हे. पुढे स्वतः स्वमग्न असलेले डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, ही अडचण दुहेरी आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाहीच. २००३ च्या पुस्तकात या दुसऱ्या बाजूला जागाच नाही.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला प्रथम नाव दिले, २०१६ च्या कायद्याने हक्क दिले. मात्र ‘स्वमग्न’ हा आपला शब्दही निर्दोष नाही. तो मुलाला परस्पर आत्मकेंद्री ठरवतो. हे पुस्तक जिज्ञासूंनी अवश्य वाचावे, पण घरातील वा वर्गातील एखाद्या मुलाला अथवा मुलीला मोजण्याची फूटपट्टी म्हणून नव्हे, तर ज्यात दुरुस्ती होत गेली असे एक अनुमान म्हणून.