४० कोटींची एक ओळ

अध्यक्षांचे मनोगत, रंगीत आलेख आणि देखणी छायाचित्रे ओलांडून वार्षिक अहवालात आपण पुढे गेलो की एका पानापाशी अक्षर एकाएकी बारीक होते आणि वित्तीय पत्रकांच्या टिपा सुरू होतात. बहुतेक वाचक इथूनच माघारी वळतात. आपण वळू नये, कारण कंपनी काय कमावते हे तर आधीची पानेही सांगतात, पण ती स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहते आणि ती दृष्टी बदलली तर तो बदल कसा कबूल करते, हे केवळ या बारीक अक्षरांतच वाचायला मिळते. पुण्यात १९८१ साली जन्मलेल्या इन्फोसिसच्या २०१९-२० च्या एकत्रित हिशेबांतला भाडेपट्ट्यांविषयीचा असाच एक परिच्छेद आज आपण सावकाश वाचू. त्याचे सांगणे थोडक्यात असे : १ एप्रिल २०१९ पासून कंपनीने इंड एएस ११६ हे लेखामानक स्वीकारले; त्यामुळे २,९०७ कोटी रुपयांची 'वापरहक्क मालमत्ता', पोटभाड्याने दिलेल्या जागांपोटी ४३० कोटींचे येणे आणि ३,५९८ कोटींचे भाडेपट्ट्याचे दायित्व पुस्तकांत आले; आणि मानक लागू केल्याचा साचलेला परिणाम म्हणून, कर वजा जाता, ४० कोटी रुपये संचित नफ्यातून वजा झाले.

पहिल्यांदा त्या तारखेपाशी थांबू. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने हे मानक ३० मार्च २०१९ रोजी अधिसूचित केले आणि ते १ एप्रिलला लागू झाले. मधे उरला तो केवळ ३१ मार्चचा दिवस, म्हणजे नेमका आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस! आणि लेखाधोरणांतील बदलांविषयीच्या इंड एएस ८ चा दंडक असा की जे मानक जाहीर झाले आहे पण अजून लागू झालेले नाही, त्याचाही उल्लेख कंपनीने करावा आणि त्याच्या परिणामाचा जो काही अंदाज बांधता येत असेल तो वाचकाला सांगावा. म्हणून २०१८-१९ चे हिशेब जुन्या मानकाने लिहिले गेले, तरी त्यांच्याच टिपांत येऊ घातलेल्या मानकाची चाहूल उमटली. एका वर्षीच्या अहवालात सूचना आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तिची पूर्तता : ही जोडी एकत्र ठेवून वाचण्यात जो आनंद आहे, तो एकच अहवाल वाचणाऱ्याला मिळत नाही. आधी केलेला अंदाज आणि नंतर प्रत्यक्ष आलेला आकडा यांतले अंतर पाहिले की कंपनीची स्वतःविषयीची जाण किती पक्की आहे, हे न बोलता समजते.

आता मूळ बदल. पूर्वी भाडेपट्ट्यांचे दोन वर्ग होते. ज्यात मालकीचे बहुतेक धोके आणि लाभ भाडेकरूकडे येत तो वित्तीय भाडेपट्टा ताळेबंदात दिसे. बाकी साऱ्या जागा, यंत्रे, विमाने यांचे भाडे वर्षाच्या वर्षाला खर्ची पडे आणि पुढल्या वर्षांची बांधिलकी टिपांच्या कोपऱ्यात नोंदवली जाई. विमान कंपनीचा ताळेबंद उघडावा आणि त्यात विमानेच फारशी नसावीत, असे दृश्य त्यातून निर्माण होई. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष सर डेव्हिड ट्विडी म्हणत की विमान कंपनीच्या ताळेबंदात खरोखर असलेल्या विमानातून एकदा तरी प्रवास करण्याची आपली इच्छा आहे. ते अध्यक्षपदावरून २०११ मध्ये निवृत्त झाले, त्या मंडळाचे भाडेपट्ट्यांविषयीचे आयएफआरएस १६ हे मानक जानेवारी २०१६ मध्ये आले आणि आपले इंड एएस ११६ त्याच्याच वळणाचे आहे. बारा महिन्यांपर्यंतचे करार आणि किरकोळ मोलाच्या वस्तू यांना सूट आहे. बाकी वापराचा जो हक्क आपण विकत घेतला आहे तो आपली मालमत्ता, आणि त्यापोटी जे द्यायचे आहे ते आपले कर्ज.

या सूत्राचे सौंदर्य आकड्यांत पाहू. समजा ठाण्यातल्या एका दुकानाचे भाडे वर्षाला १२ लाख रुपये आहे, ते वर्षअखेरीस द्यायचे आहे आणि पाच वर्षे शिल्लक आहेत. एकूण देणे ६० लाख. दरसाल ९ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य काढले तर सुमारे ४६.६८ लाख भरते. तेच दायित्व आणि तीच मालमत्ता. पहिल्या वर्षी घसारा ९.३४ लाख आणि व्याज ४.२० लाख, म्हणजे भाड्याच्या १२ लाखांच्या जागी १३.५४ लाखांचा खर्च. शेवटच्या वर्षी घसारा तोच, पण व्याज उतरून ०.९९ लाख राहिलेले, खर्च १०.३३ लाख. आणि पाचही वर्षांची बेरीज? बरोबर ६० लाख. एका पैशाचाही फरक नाही. दुकानमालकाच्या हाती पडणारी रक्कम तीच, तारीख तीच. बदलला तो फक्त खर्चाचा काळातला प्रवाह, जो पूर्वी सपाट वाहत होता आणि आता आरंभी भरून येऊन हळूहळू ओसरतो.

हे ध्यानात आले की मूळ परिच्छेदातले ते ४० कोटी आपल्याशी बोलू लागतात. जे करार आधीच अर्ध्या वाटेवर होते, त्यांना नवे मानक पहिल्या दिवसापासून लागू असते तर आरंभीच्या वर्षांत अधिक खर्च पडला असता. तो पडला नाही; जुन्या रीतीने नफा किंचित अधिक दिसला आणि संचित नफ्यात जाऊन बसला. आता तो बाहेर काढायचा, पण चालू वर्षाच्या नफ्याला धक्का न लावता. कारण हे चालू वर्षाचे कर्तृत्व नव्हे आणि चालू वर्षाचे अपयशही नव्हे. म्हणून रक्कम थेट संचित नफ्यातून वजा होते, नफा-तोटा पत्रकाच्या वाटेला जातच नाही. भूतकाळाचे देणे भूतकाळाच्याच खात्यातून भागवण्याची ही नीती मला फार लोभस वाटते. हजारो कोटींच्या रकमांशेजारी ४० कोटी दिसतात लहान. पण साऱ्या परिच्छेदाचा प्राण त्याच ओळीत आहे.

त्याला लागून आणखी एक वाक्य येते : मागील वर्षाचे तुलनात्मक आकडे बदललेले नाहीत. मानकाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. पूर्ण पूर्वलक्षी वाट अशी की मागील वर्षही नव्या रीतीने पुन्हा लिहायचे, म्हणजे दोन्ही स्तंभ एका मापाचे होतात. दुसरी, सुधारित पूर्वलक्षी वाट अशी की मागील वर्ष जसेच्या तसे ठेवायचे आणि साचलेला फरक १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलकेत एकदाच घ्यायचा. इन्फोसिसने दुसरी वाट धरली. तिच्यात कष्ट कमी आहेत, हे खरे. वाचक म्हणून मला पहिली अधिक आवडते, हेही खरे. पण दुसऱ्या वाटेवरचे पान एका वेगळ्या प्रकारे वाचनीय होते. एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी उभे असलेले दोन स्तंभ दोन निरनिराळ्या नियमांनी लिहिलेले असतात, आणि टीप त्यांच्या मधोमध उभी राहून सांगते की इथे पाठ बदलला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद छापलेले असतात. तसाच हा हिशेबाचा पाठभेद, ज्यात नवे स्वीकारताना जुने पुसलेले नसते.

मग येतो तो तपशील, ज्यासाठी मी अशा टिपा पुन्हा पुन्हा उघडतो. जुन्या मानकाप्रमाणे ३१ मार्चला टिपेत नोंदवलेली भाड्याची बांधिलकी आणि १ एप्रिलला ताळेबंदात आलेले दायित्व यांतला फरक समजावून सांगणे सुधारित वाटेने जाणाऱ्यांना बंधनकारक होते. एका रात्रीत आकडा का बदलला? एक कारण गणिती : पुढचे देणे आजच्या मूल्यावर आणले की ते आकसते. दुसरे कारण मात्र मनाचा ठाव घेणारे आहे. करार पाच वर्षांचा असेल, पण तो आणखी पाच वर्षे वाढवण्याचा पर्याय कंपनीला असेल आणि ती तो वापरणार हे पुरेसे निश्चित असेल, तर ती वाढीव वर्षेही दायित्वात मोजावी लागतात. म्हणजे कंपनीने आपला मनोदयच आकड्यात मांडायचा! या कार्यालयात आपण किती काळ राहणार, त्या शहरातून केव्हा निघणार, याचे उत्तर एरवी संचालकांच्या बैठकीबाहेर येत नाही. इथे ते, अप्रत्यक्षपणे का होईना, बेरजेत मिसळून आपल्यापर्यंत पोहोचते.

या साऱ्यामागे इंड एएस ८ चे व्याकरण आहे आणि ते तीन क्रियापदांत सामावते. धोरण बदलले तर मागे जाऊन लागू करायचे, जोवर नवे मानक स्वतःची वेगळी वाट देत नाही. अंदाज बदलला, म्हणजे यंत्राचे आयुष्य दहाऐवजी आठ वर्षे वाटू लागले, तर तो पुढच्या काळासाठीच. आणि चूक सापडली तर मागचे आकडे दुरुस्त करून तिला चूक म्हणूनच नोंदवायचे. दृष्टी बदलणे, ज्ञान वाढणे आणि प्रमाद घडणे या तीन मानवी अवस्था हिशेबाने इतक्या स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत की कोणत्याही नीतिशास्त्राला हेवा वाटावा.

इंड एएस ११६ च्या आदल्या वर्षीचा एक नमुना तर अधिक नाट्यमय आहे. १ एप्रिल २०१८ पासून महसुलाचे इंड एएस ११५ लागू झाले आणि मुंबई-पुण्यातल्या अनेक सूचीबद्ध विकासकांना बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे महसूल धरण्याची रीत सोडून घर ग्राहकाच्या ताब्यात जाण्याच्या टप्प्याकडे यावे लागले. आधीच्या वर्षांत सांगून झालेला नफा संचित नफ्यातून परत काढला गेला आणि इमारत पूर्ण झाल्यावर तोच पुन्हा नफा-तोटा पत्रकात अवतरला. एकच नफा दोनदा दिसतो, हे वाचून दचकणाऱ्या भागधारकाला टीप शांतपणे हात धरून मधला पूल दाखवते.

सगळ्याच टिपा अशा रसाळ नसतात. 'या बदलाचा लक्षणीय परिणाम नाही' एवढे एक वाक्य साऱ्या मानकांखाली ठेवून मोकळे होणारे अहवालही पुष्कळ आहेत, आणि तिथे आस्वादाला जागाच उरत नाही. याउलट दुकाने आणि चित्रपटगृहे भाड्याने घेऊन चालवणाऱ्या काही कंपन्यांनी २०१९ नंतर नव्या मानकाचे आकडे आणि ते मानक नसते तर आले असते ते आकडे, दोन्ही दिले. कारण भाडे घसारा व व्याजात विरघळल्यामुळे त्या दोहोंपूर्वीचा नफा एकाएकी फुगला, रोकड प्रवाह पत्रकातही भाड्याचा मोठा भाग परिचालनातून उठून वित्तपुरवठ्याच्या रकान्यात गेला, आणि तिजोरीतली रोख मात्र होती तेवढीच राहिली. हे स्वतःहून उलगडून सांगणाऱ्या कंपनीवर माझा अधिक विश्वास बसतो.

असेच पुढचे स्थित्यंतर आता दाराशी आले आहे. नफा-तोटा पत्रकाची मांडणीच बदलणारे आयएफआरएस १८ हे मानक एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले आणि ते १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे. त्यात तुलनात्मक आकडे जसेच्या तसे ठेवण्याची मुभा नाही. मागील वर्ष नव्या मांडणीत पुन्हा लिहावे लागेल आणि पत्रकाच्या प्रत्येक ओळीचा जुना आकडा व नवा आकडा जुळवून दाखवावा लागेल. ते मानक पाळणाऱ्या परदेशी कंपन्यांचे पहिले अहवाल येतील तेव्हा तो जुळवणीचा तक्ता आपण आधी उघडू, आणि मग अध्यक्षांच्या मनोगताकडे वळू.