अर्धी राहिलेली चर्चा

जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवलं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसानं गरिबांच्या त्या कैवाऱ्याला इथल्या शेतकऱ्याच्या आठवणीतलं राजेपण दिलं. ख्रिस्ती धर्मविचार आणि इथलं राजकारण यांची मराठीतली सर्वांत धीट भेट मला हीच वाटते. पण ती चर्चच्या उंबरठ्याबाहेर झाली, आणि आतल्यांनी तो धागा फारसा पुढे विणला नाही.

आत जे घडत होतं तेही लहान नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचलं आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. ते १६१६ साली छापलं गेलं. रेव्हरंड टिळकांनी अभंग-कीर्तनाची वाट धरली. १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा मांडताना त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांनाही जागा दिली. मंडळी म्हणजे कोण, या प्रश्नाचं ते सरळ उत्तर होतं. त्याला नुसती भावुकता म्हणणं अन्याय होईल. पंडिता रमाबाईंची दिशा उलटी. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी संस्कृत वळणाचे जड शब्द बाजूला ठेवले, कारण साधी बाई ते वाचेल हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वैकुंठ घ्यायचा की टाकायचा, हा निवाडाच मुळी ईशविचार आहे. टिळकांच्या कवितेवर आपण भरपूर लिहिलं. रमाबाईंच्या भाषांतराकडे मात्र या नजरेनं क्वचितच पाहिलं.

आणि इथेच अडचण सुरू होते. अहमदनगर भागात मिशनमध्ये आलेली बहुसंख्य माणसं महार-मांग समाजातली. साहित्यात गाजलेले आवाज मात्र बहुतेक ब्राह्मण घरांतून आलेले: टिळक, रमाबाई, नीळकंठशास्त्री गोऱ्हे. त्यांचा झगडा वेदान्ताशी होता, घरच्यांशी होता. गावकुसाबाहेरच्या ख्रिस्ती माणसाचा झगडा पाणवठ्याशी होता. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना नेमकं इथेच बोट ठेवलं. चर्चमध्ये आल्यावरही जात का गेली नाही, आणि माणसाच्या दुःखाचं मूळ त्याच्या पापात शोधणारी शिकवण समाजरचनेबद्दल गप्प का राहते? या प्रश्नाला मराठी धर्मशास्त्राकडून तोलामोलाचं उत्तर मिळालेलं मला दिसत नाही.

प्रयत्न झाला तो बंगळूरमध्ये, इंग्रजीत. १९८१च्या सुमारास अरविंद निर्मल यांनी दलित ईशविज्ञानाची मांडणी सुरू केली. ‘दलित’ या शब्दामागचं बळ महाराष्ट्रातल्या चळवळीचं, १९७२च्या दलित पँथरचं आणि दलित कवितेचं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली भटक्या पूर्वजाची श्रद्धाकबुली निर्मल यांनी दलितांचा इतिहास म्हणून वाचली. क्रुसावर टाकून दिलेला येशू त्यांना दलित दिसला. हे वाचन मला आजही हलवून सोडतं. तरी एक आक्षेप मनातून जात नाही. त्यांचा भर वेदनेवर आणि सेवकपणावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर सेवा लादली गेली, त्यांना पुन्हा सेवक देवच का द्यायचा? फुल्यांचा बळी पाताळात दाबलेला असला तरी तो राजा आहे, त्याचं राज्य परत यायचं आहे. या दोन येशूंना समोरासमोर बसवायला हवं होतं.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वेगळं दार उघडलं. ‘सुवार्ता’ मासिक, हरित वसईचं आंदोलन, ‘सुबोध बायबल’: विहिरीचं पाणी आणि वाडीची जमीन हा श्रद्धेचाच विषय आहे, हे त्यांनी मराठी वाचकाला पटवलं. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला. तरी मराठीवरचा त्यांचा हक्क तिथे शाबूत राहिला. पण तो वसईचा अनुभव. मराठवाड्यातल्या मंडळीचे प्रश्न वेगळे आहेत.

त्यातला एक दाखल्याचा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शीख १९५६ला आणि बौद्ध १९९०ला त्यात आले; ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणून कुणी दाखल्यावर एक धर्म लिहितो आणि रविवारी दुसऱ्याची प्रार्थना करतो. त्याच्या या दुहेरी नावाला पाप म्हणायचं की जगण्याची धडपड, हे सांगणारं प्रवचन मला मराठीत ऐकायचं आहे.