भावकवितेची चित्रकथा : गोंगोराच्या एका सुनीताच्या निमित्ताने

‘चित्रकथा’ या आपल्या शब्दातच कथा गृहीत धरलेली आहे. स्पॅनिशमधील ‘इस्तोरिएता’चाही मूळ अर्थ ‘छोटी गोष्ट’ असाच. त्यामुळे अभिजात स्पॅनिश भावकविता या माध्यमात आणताना पहिला प्रश्न उभा राहतो तो रेखाटनकौशल्याचा नव्हे. जिथे काही घडतच नाही तिथे चौकटींचा क्रम कशाच्या आधारे लावायचा, हा तो प्रश्न.

लुईस दे गोंगोराचे १५८२ मधील, एका तरुणीला उद्देशून लिहिलेले प्रसिद्ध सुनीत या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्याच्या पहिल्या आठ ओळींत ‘जोवर’ या अर्थाचे अव्यय चारदा येते आणि केसांपुढे सोने, कपाळापुढे लिली अशी उपमाने एकामागून एक हरत जातात. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा व्यतिरेक होय. चित्रकार सोने आणि केस शेजारी शेजारी काढू शकतो, पण त्यातून फार तर उपमा हाती लागते. सरसपणा हा संबंध आहे, त्याला आकार नाही. शिवाय ही चारही ‘जोवर’ एकाच काळातली आहेत, तर चौकटी एकीनंतर एक वाचल्या जातात. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये एका पैलूकडून दुसऱ्या पैलूकडे जाणारे संक्रमण वेगळे नोंदवले आहे. काळ जवळजवळ थांबवणारी ही रीत येथे उपयोगी पडावी: आकृती एकच, चौकटी चार.

त्यानंतरच्या आज्ञार्थाचे शब्द फुग्यात घातले, की चित्रात एक प्रियकर उभा करावा लागतो आणि निवेदकाचे पात्र होते. ते चौकटीवरच्या पट्टीतच राहिलेले बरे.

खरी कसोटी शेवटाची. तरुणी, वृद्धा, कवटी हा क्रम कुणालाही सुचेल, आणि तोच टाळायला हवा. गार्सिलासोच्या याच आशयसूत्राच्या सुनीताला तो निदान वार्धक्यापर्यंत तरी चालेल, कारण तेथे वय वाढते, ऋतू पालटतो. गोंगोराच्या अखेरच्या ओळीतली पाच नामे मात्र घन द्रव्यापासून थेट अभावापर्यंत जातात, आणि कवटी ही अखेर वस्तूच आहे. रिकामी चौकटही पुरेशी नाही. तिची किनार काहीतरी असल्याची ग्वाही देते (किंवा वाचकाला छपाईतली चूक वाटते). किनारच गळून पडली, तर आरंभापासून चौकटींच्या मध्ये असलेला कोरा कागद पान व्यापतो, आणि ज्याला आपण नुसते अंतर समजत होतो तो अभाव सौंदर्याच्या प्रत्येक अवयवाला आधीपासूनच लागून होता, हे मागाहून ध्यानी येते. कवितेत नसलेले असे काही या माध्यमाने दिले, तरच रूपांतराला अर्थ आहे.

सान हुआन दे ला क्रूसच्या ‘अंधाऱ्या रात्री’बाबत अडचण नेमकी उलटी आहे. त्या चाळीस ओळींत घटना आहे: रात्री गुपचूप घर सोडणे, प्रियकराची भेट. चित्रकथेला ती आयतीच मिळते. पण तेथे बोलणारा स्त्रीवाचक ‘मी’ जीवात्म्याचा आहे, आणि पहिल्याच चौकटीत त्याला चेहरा द्यावा लागतो.