शोध की उद्योग? : आत्मकथेतील गंगाबेन मजमुदार

खादीच्या इतिहासात गंगाबेन मजमुदार यांचा उल्लेख बहुधा गांधीजींना चरखा शोधून देणारी स्त्री एवढ्यापुरताच येतो. या प्रतिमेचे मूळ गांधीजींच्या आत्मकथेतील पाचव्या भागात आहे. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत झालेली भेट, या विधवा स्त्रीचे धाडस, घोड्यावरून एकटीने फिरणे आणि अखेरीस बडोदे संस्थानातील विजापूर येथे सापडलेले चरखे, अशी ही कथा आहे. तीत शोधाला मध्यवर्ती स्थान मिळते आणि गंगाबेन निमित्तमात्र ठरतात.

परंतु त्याच मजकुरातील तपशील या मांडणीस छेद देतात. विजापुरात चरखे हरवलेले नव्हते. ते माळ्यावर अडगळीत पडले होते. पेळूंचा नियमित पुरवठा होणार असेल आणि सूत विकत घेतले जाणार असेल, तर कातण्यास लोक तयार होते. म्हणजे नाहीसे झाले होते ते यंत्र नव्हे, कौशल्यही नव्हे, तर बाजारपेठ. आणि गंगाबेननी उभे केले ते नेमके हेच. उमर सोबानी यांच्या गिरणीतील पेळू येऊ लागताच सूत इतके साचले की त्याचे करावे काय, हा प्रश्न पडला. पुढे गिरणीचे पेळू गांधीजींना तत्त्वतः खटकू लागले, तेव्हा गंगाबेननी पगारी पिंजारी मिळवला, तरुणांना पेळू करण्यास शिकवून तयार केले आणि सूत विणून घेण्याची व्यवस्था लावली. धोतराचा प्रसंगही केवळ भक्तिभावाने वाचण्याजोगा नाही. तीस इंची पन्ह्याची खादी निघत असताना महिन्याच्या आत पंचेचाळीस इंची धोतरजोडी पुरवणे म्हणजे मागणीबरहुकूम उत्पादन बदलणे होय.

या कार्यास उद्योजकता म्हणावे काय? पेळू गिरणीमालकाकडून आले, खरेदीची हमी आश्रमाने दिली आणि आश्रमातील पहिल्या खादीस वारी सतरा आणे खर्च आला. स्पर्धेच्या बाजारात हा व्यवहार टिकणे अवघड होते, ही शंका रास्त आहे. मात्र भांडवल दुसऱ्याचे असल्याने संघटनाचे कर्तृत्व उणे होत नाही. पुरुष कारखानदारांच्या बाबतीत हा निकष सहसा लावलाही जात नाही. खरी उणीव निराळीच आहे : गंगाबेनचे नाव तरी उरले, अट घालून कातावयास बसलेल्या विजापूरकरांपैकी एकाचेही नाव या प्रकरणांत नाही.