‘पचायला हलके’ : स्तन्यविषयक एका रूढ विधानाची चिकित्सा

बालसंगोपनावरील मराठी लेखनात मातेच्या दुधाची थोरवी बहुधा ‘पचायला हलके’ ह्या दोन शब्दांत सांगून संपते. विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्यात जे सुटते तेच अधिक महत्त्वाचे आहे. स्तन्यात असा एक मोठा घटक आहे की जो बालकाला स्वतःला जवळजवळ मुळीच पचत नाही, आणि ह्या न पचण्यातच त्याच्या उपयोगाचे मूळ आहे. रूढ विधानाची ही उणीव व्यवहारात कोठे नडते, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एक लिटर स्तन्यात सुमारे ७० ग्रॅम दुग्धशर्करा असते. लहान आतड्यातील लॅक्टेज हे एंझाइम तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग करते, आणि ते रक्तात शोषले जातात. येथवर ‘हलके’ हा शब्द योग्यच आहे. परंतु ह्याच दुग्धशर्करेच्या पायावर गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन, फ्युकोज आणि सायलिक अम्ल ह्यांच्या साखळ्या जोडून माता दीडशेहून अधिक प्रकारच्या संयुक्त शर्करा तयार करते. शास्त्रज्ञ त्यांना ऑलिगोसॅकॅराइडे म्हणतात. त्यांचे प्रमाण पक्व दुधात लिटरमागे साधारणतः ५ ते १५ ग्रॅम असते, तर प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील चिकात २० ग्रॅमच्या वर जाते. जठरातील अम्ल, स्वादुपिंडाचा रस व लहान आतड्यातील एंझाइमे ह्या साखळ्या तोडू शकत नाहीत. सुमारे शेकडा एक इतका अंश तसाच रक्तात जाऊन मूत्रावाटे बाहेर पडतो. बाकीचा मोठ्या आतड्यात पोहोचतो.

तेथे त्याचा उपभोक्ता वाट पाहत असतो. स्तनपान करणाऱ्या बालकांच्या विष्ठेत दुफाटी आकाराचे सूक्ष्मजंतू आढळतात, हे पॅरिसच्या आंरी तिसिए ह्यांनी १९०० च्या सुमारास दाखविले. त्यांना वाढविणारा दुधातील घटक ह्या संयुक्त शर्कराच होत, हे १९५० च्या दशकात पॉल ग्यॉर्गी व रिचर्ड कून ह्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांपैकी ‘इन्फॅन्टिस’ ह्या बायफिडो-जंतूचा जनुकसंच २००८ साली वाचला गेला, तेव्हा त्यात ह्याच शर्करा आत ओढून घेण्याची व तोडण्याची साधने एकत्र मांडलेली आढळली. हा जंतू साखळी अखंड आत घेतो आणि आतच तिचे तुकडे करतो. त्यामुळे शेजारच्या इतर जंतूंच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. तो ॲसिटिक व लॅक्टिक अम्ले बाहेर टाकतो. आतडे आम्लधर्मी होऊन अनेक रोगजंतूंना तेथे टिकणे कठीण जाते, आणि ॲसिटिक अम्ल शोषून बालकालाही थोडी ऊर्जा मिळते. म्हणजे ह्या शर्करांचे चयापचय एकट्या बालकाचे नाही. ते बालक व जंतू ह्यांचे संयुक्त कार्य आहे.

आता परंपरेकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर प्रवृत्त होते असे मानून आधीच्या दिवसांसाठी मध व तूप सांगितले आहे. चरकसंहितेत मात्र मधतुपाच्या जातकर्मानंतर लागलीच उजवा स्तन देण्याचा विधी आहे. ‘शास्त्रात चीक वर्ज्य आहे’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. लोकरूढीने सुश्रुताच्या बाजूचेच वळण घेतले. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरांतही बाळंतिणीचा चीक पिळून टाकीत आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवीत. संयुक्त शर्करांचे प्रमाण सर्वाधिक असलेले दूध अशा रीतीने वाया जाई. दूध केवळ ‘हलके’ म्हणून चांगले, एवढेच सांगितले तर गुळाचे पाणी त्याहूनही हलके वाटते. मग रूढीला उत्तर उरत नाही.

ह्या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यात समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण आरंभी हजारी १७६ होते, ते १९९० च्या दशकात तिसाच्या आत आले. ह्याचे श्रेय स्तन्यातील शर्करांना देणे अशास्त्रीय होईल. स्वच्छ पाणी, लसीकरण, आहार, सुरक्षित प्रसूती ही सर्व कारणे एकत्र नांदली. जामखेडने सिद्ध केले ते निराळे : अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या स्त्रीला कारणासह ज्ञान दिले, तर ती ते घेते आणि घरोघर पोहोचविते. तेव्हा सामान्य वाचकाला कारण झेपणार नाही म्हणून ‘हलके’ एवढ्यावर थांबणे ही सबब टिकत नाही.

उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. सर्व मातांच्या दुधातील शर्करा सारख्या नसतात. अनेक लोकसमूहांत सुमारे एकपंचमांश स्त्रियांच्या दुधात, आनुवंशिक कारणाने, त्यांतील एक प्रमुख फ्युकोजयुक्त प्रकार जवळजवळ नसतो, तरी त्यांची मुले वाढतात. प्रतिजैविकांमुळे उपकारक जंतू नाहीसे झाले, तर शर्करा असूनही त्यांचा पुरा उपयोग होत नाही. तसेच, कारखान्यात बनविलेले एकदोन प्रकार घातलेली भुकटी स्तन्यतुल्य म्हणणे हे दीडशेंपैकी दोघांवरून साऱ्या गावाची ओळख सांगण्यासारखे आहे. भारतात शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातीस १९९२ च्या व २००३ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने बंदी आहे. तथापि चुकीच्या समजुतीवर खरा उपाय अचूक विवेचन हाच होय.

म्हणून बालसंगोपनाच्या पुस्तकांत पुढील आवृत्तीपासून एका वाक्याची भर पडावी : मातेच्या दुधाचा काही भाग बाळासाठी आणि काही भाग बाळाचे आतडे राखणाऱ्या जंतूंसाठी असतो, चिकात हा दुसरा भाग सर्वांत अधिक असतो, म्हणून तो टाकू नये. हे वाक्य विज्ञानाशी प्रामाणिक आहे, आणि बाळंतिणीच्या खोलीत सांगता येईल इतके सोपेही आहे.